नायकाचा मार न्यायाचा

दत्ता, बापाची भूमिका तुला सरांनी नाकारली नव्हती. मी नाकारली होती.

"सर नाही म्हणाले," असं मी तुला सांगितलं तेव्हा आपण मंडईच्या मागे चहा पीत उभे होतो. तू ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालास, "आसू दे. बघू पुढच्या वेळंला." पुढची वेळ आली नाही. आदल्या संध्याकाळी तालीम संपल्यावर सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दत्ताला बाप देऊन बघू या का? मागतोय तो." त्यांचं मन वळलेलं होतं, फक्त कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "लोक हसतील, सर. दत्ता स्टेजवर आला की लोकांना वाटतं, आता हा कुणाची तरी जमीन खाणार." सर हसले. भूमिका मला मिळाली.

एवढंच घडलं. यात कुणी कुणाला लुटलं नाही, आवाजसुद्धा चढला नाही. नाटकात असं काही करणाऱ्या माणसाला शेवटच्या अंकात मार बसतो. मला पहिल्या प्रयोगानंतर हार घातला.

रविवारी तुझी शोकसभा झाली. तिथून आल्यापासून मला रडू येत नाही, राग येतो. कुणाकुणाचा सांगू? आधी त्या फोटोचा. ज्या शाळेच्या हॉलमध्ये आपण इतकी वर्षं तालमी केल्या, तिथेच स्टेजवर टेबल मांडून त्यावर तुझा फोटो ठेवला होता. तुझा कसला, तू रंगवायचास त्या आबासाहेबांचा. डोळे वटारलेले, मिशीला पीळ, ओठ एका बाजूला वर गेलेला. आणि त्या फोटोला झेंडूचा हार. आपल्या नाट्यसंस्थेकडे दुसरा फोटो नव्हता म्हणे. सुनंदावहिनी पहिल्या रांगेत बसून नवऱ्याच्या नावाने त्या लबाड माणसाला नमस्कार करत होत्या. मी चिडून माझा मोबाइल चाळला, घरी जुने अल्बम उपसले होते तेही आठवून बघितले. तुझा साधा फोटो माझ्याकडेही नाही. माझे आहेत, ढीगभर. प्रत्येकात माझा चेहरा उजेडात आहे आणि समोर तुझी पाठ.

ती पाठ सरांनीच ठरवून दिलेली. त्यांचा पहिला नियम होता, नटाने प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. नवीन मुलांना ते त्यावरून फाडून खायचे: "लोक तिकीट काढून तुमचा शर्ट बघायला येत नाहीत." फक्त शेवटच्या मारामारीत तुला उलटं सांगितलेलं. तू प्रेक्षकांकडे पाठ करायची, म्हणजे मारताना माझा चेहरा दिसतो. वर्षानुवर्षं तू ते केलंस. मी हात उगारायचो, तो तुझ्या गालापासून वीतभर लांबून जायचा, आणि तू स्वतःच्या छातीवर थाप मारून आवाज काढायचास, मान झटकायचास, फळ्यांवर धाडकन कोसळायचास. टाळ्या पडायच्या. माझ्या हातात जोर होता तो सगळा तुझ्या पडण्यातला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

सुनंदावहिनींनी मात्र एकदा सुनावलं. तुमच्या वारज्याच्या घरी मी जेवायला आलो होतो, तुझा खांदा काळानिळा झाला होता. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "भावजी, हिरो तुम्ही, आणि हळद मी लावायची. बरं आहे तुमचं." तू म्हणालास, "अगं, त्याला तरी लाव थोडी. मारून मारून हात दुखत असंल त्याचा." आपण किती हसलो. वहिनी हसल्या नाहीत, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

आपल्या संस्थेची एक रीत होती. दुसऱ्या संस्थांमध्ये मी ती पाहिली नाही. ज्याला स्टेजवर दुसऱ्याच्या अंगावर हात टाकायचा आहे, त्याने तिसऱ्या घंटेच्या आधी विंगेत जाऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "माफी असावी." समोरच्याने म्हणायचं, "हाण बिनधास्त." तू ती रीत एखाद्या पूजेसारखी पाळायचास. आधी मेकअपच्या खोलीत कागद पसरून नखं कापायचास, कारण दुसऱ्या अंकात आबासाहेब सुनेला केसाला धरून ओढतो आणि त्या मुलीला ओरखडा उठता कामा नये. मग तिची माफी, मग म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या काकांची, मग माझी. मला तू फक्त एकदा ढकलायचास, तरीही.

मी तुझी कधी मागितली नाही. मला मागावीशी वाटलीच नाही. सूनबाईचं काम करणाऱ्या नव्या मुलीने एकदा विचारलं होतं, "नंदूदादा, सगळ्यांत जास्त तर तुम्ही मारता. तुम्ही नाही का म्हणत?" मी आरशात बघून भांग पाडत होतो. म्हणालो, "अगं, नायकाचा मार न्यायाचा असतो. त्याची कसली माफी?" खोलीभर हशा पिकला. तूही हसलास. कोपऱ्यात कपड्यांच्या ट्रंकेवर बसून तुझी लेक ऋतुजा शाळेचा अभ्यास करत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत वहीत घातली.

त्याच मोसमात केव्हातरी माझा हात खरोखर बसला. माझं अंतर चुकलं आणि पंजा सरळ तुझ्या कानावर. तू कोसळलास ते नेहमीपेक्षा सुंदर कोसळलास, टाळ्या थांबेनात. आत आल्यावर तू डोकं धरून बसलास आणि मी काय म्हणालो? "तू पुढे आलास, दत्ता." तू म्हणालास, "व्हय, आलो असंन पुढं." कितीतरी दिवस त्या बाजूने कुणी बोललं की ऐकायला तू मान वळवायचास. मान वळवणाऱ्या तुझ्याकडे बघून मी विषय बदलायचो.

आपला तो कायमचा वाद आठवतो ना, की खलनायक सोपा की नायक? मी म्हणायचो नायक अवघड, आणि त्यात माझा स्वार्थ उघड होता. चीड या गोष्टीची येते की तूही माझ्याच बाजूने बोलायचास. "खलनायक लई सोपा हाय रं नंदू. त्याला कायतरी पायजे असतं. जमीन पायजे, मान पायजे, दुसऱ्याची बायको पायजे. पायजे असलं की पाय आपोआप पुढं पडतात. तुझ्या हिरोला काय पायजे? त्याला नुसतं बरोबर असायचंय. नुसतं बरोबर असून तीन अंक उभं राहायचं म्हणजे खायचं काम न्हाय." हे मी कितीतरी वर्षं कौतुक म्हणून जपलं. ते कौतुक नव्हतं, हे कळायला मला फार उशीर लागला.

आणि सोपा कसला? आबासाहेबाचं ते चालणं, पोट पुढे काढून, चप्पल फरफटत, दर चार पावलांनी थांबून समोरच्या जमिनीकडे मालकासारखं बघणं, ते तू कुठून उचललं होतंस ते फक्त मला सांगितलं होतंस. तुझ्या वडिलांचं वारज्याचं रान ज्याने कागद फिरवून गिळलं, त्या माणसाचं ते चालणं. त्या रानावर आता सोसायटी उभी आहे, आणि समोरच्या गाळ्यात बसून तू त्याच सोसायटीला नळ आणि पाइप विकलेस. रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचं आणि त्या माणसाला अंगात घ्यायचं, याला तू सोपं म्हणायचास. मध्यंतरात चहाच्या टपरीवर एक गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होते, "यांना अभिनय कुठे करावा लागतो? वारज्याकडचे सगळे असेच. जमिनी विकायच्या नि गाड्या उडवायच्या." तू त्यांच्या मागेच उभा होतास, मिशी लावलेला. मी भडकलो, तर माझा दंड धरून म्हणालास, "गप. त्यांना पटलंय. अजून काय पायजे?"

तू एकदा तरी भडकायला हवं होतंस. दत्ता, हा माझा तुझ्यावरचा राग आहे आणि तो मी गिळणार नाही. तू भडकला असतास तर माझं फावलं नसतं.

मंडईतली ती मेथीवाली घे. गणपतीत आपला प्रयोग जवळच्याच मांडवात झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण भाजी घ्यायला गेलो तर मावशींनी तुझ्या हातातली जुडी काढून घेतली. "तुला न्हाय देणार. रातच्याला पोरीला घराभाईर काढलंस." तू हात जोडलेस, "मावशी, परत आणली तिला घरात. माझ्यासंगं च्या प्यायली." मावशी ऐकेनात. त्यांनी ती जुडी माझ्या पिशवीत घातली, "तू घे बाबा. गुणाचा हायेस." तू ही गोष्ट पुढे जिथे तिथे सांगितलीस, पदक मिळाल्यासारखी. आणि सरांनी बापाच्या भूमिकेबद्दल विचारलं तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगितली. "सर, मंडईत त्याला कुणी मेथी विकत नाही. त्याला बाप म्हणून कोण घेणार?" तुझं पदक मी तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती भूमिका तुला का हवी होती, तेही मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, म्हणूनच माझं कृत्य इतकं नीच आहे. रुसलेल्या मुलीच्या ऑफिसबाहेर रोज डबा घेऊन उभा राहणारा साधा बाप होता तो. तू म्हणाला होतास, "मोठा रोल म्हणून न्हाय मागत. ऋतू लहानपणापास्नं विंगेत बसलीय. तिनं काय बघितलंय सांग? बापाला मार पडतो आणि समदे टाळ्या वाजवतात. एकदा तरी तिनं मला मार न खाता घरी आलेलं बघावं." मंडईमागच्या त्याच चहाच्या टपरीवर म्हणाला होतास. मी म्हणालो होतो, "मी सांगतो सरांना."

सांगितलं.

मग मी बाप केला. छान दाढी वाढवली, डबा कसा धरायचा याचा सराव केला, आवाज कापरा काढला. तू पहिल्या प्रयोगाला ऋतुजाला घेऊन आलास, तिसऱ्या रांगेत बसलास. नंतर आत येऊन माझा हात हातात घेतलास आणि म्हणालास, "चांगलं केलंस. फक्त लई बरोबर होतास रं. बाप इतका बरोबर नसतो." मी रागावलो, तुला मत्सर वाटतोय असं मी घरी बायकोला सांगितलं. ते नाटक थोड्याच प्रयोगांत बंद पडलं. लोक हसले नाहीत, रडलेही नाहीत. खुर्च्या वाजवत उठून गेले.

बापाला काहीतरी हवं होतं, दत्ता. त्याला ती मुलगी हवी होती. ते हवं असणं तुझ्याकडे होतं, कपड्यांच्या ट्रंकेवर बसलेलं. माझ्याकडे फक्त भूमिका होती.

तुझं दुखणं वाढल्यावर मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि आपण दोघेच होतो. मी ठरवून आलो होतो. वाक्यं जुळवली होती. तू डोळे उघडलेस, मला बघून म्हणालास, "बोल हिरो." आणि मी कात्रजच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. पुलाचं काम, तिथे होणारी कोंडी, मला यायला झालेला उशीर. मी काय बोलतोय याची मला लाज वाटत होती आणि तोंड थांबत नव्हतं. तू ऐकत होतास, त्या चांगल्या कानाने. शेवटी म्हणालास, "दमलास. पाणी पी." तुला माहीत होतं का रे? सर तुला कधी बोलले होते का? की माझा चेहरा बघून तू ओळखलं होतंस आणि वाट बघत होतास? हे आता मला कधीच कळणार नाही. जाताना हेही घेऊन गेलास, म्हणूनही मला तुझा राग येतो.

शोकसभेच्या आदल्या दिवशी मी सरांना फोन केला आणि म्हणालो, उद्या मी ती गोष्ट सगळ्यांसमोर सांगणार आहे. सर आता थकलेत, पण जीभ तशीच आहे. "नंदकुमार, शोकसभेत स्वतःबद्दल बोलू नये. वाईट दिसतं." मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा वाटलं की ते बरोबर बोलतायत. कारण तू असतास तर हेच म्हणाला असतास. माइकसमोर उभं राहून पाप कबूल करणारा भला माणूस! झालास परत हिरो.

त्यामुळे मी गप्प बसायचं ठरवून गेलो होतो. पण ती भाषणं! एकामागून एक माणूस उठून म्हणाला, "खलनायक रंगवायचा, पण मनाने देवमाणूस." जणू हा फार मोठा शोध लागलाय. तू गेल्यावरही तुला आधी खलनायक ठरवून मग सोडून देत होते. एक जण म्हणाला, "दत्ताच्या मेकअपवर संस्थेचा कधी खर्च झाला नाही, देवानेच करून पाठवला होता." हॉल हसला. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, तुझ्या बायकोमुलीच्या डोक्यावरून हसला. आणि मला माझाच आवाज ऐकू आला: लोक हसतील, सर. बघ, हसत होते. मीच त्यांना शिकवलं होतं.

मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता बोलतील, दत्ताभाऊंना आयुष्यभर बडवणारे आपले नायक." परत हशा. मी उठलो.

स्टेजवर जायच्या आधी मी पहिल्या रांगेपाशी थांबलो. ऋतुजा आता नोकरी करते, केस कापलेत, पण बघते तशीच, मान वर करून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऋतू, मी आता जे सांगणार आहे ते तुला लागेल. माफी असावी."

तिला पुढचे शब्द पाठ होते. लहानपणापासून प्रत्येक प्रयोगाआधी तिने ते ऐकले होते. तिने ते म्हटले नाहीत. माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी बोला, काका."

मी वर गेलो. माइक बाजूला केला. समोर सगळे होते, सर होते, हसून झालेले चेहरे होते. आयुष्यभर जे कधी केलं नाही ते केलं. प्रेक्षकांकडे पाठ केली. माझा चेहरा कुणाला दिसू नये, एवढं एक तरी तुझ्याकडून शिकलो. समोर तुझे वटारलेले डोळे होते, झेंडूच्या वर. टेबलावरून हात पुढे नेऊन मी फोटोच्या चौकटीवर ठेवला, साधारण जिथे तुझा खांदा येईल तिथे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोललो, जसं सरांनी शिकवलं होतं.

"दत्ता, बाप तुझा होता. सर द्यायला तयार होते. मी देऊ दिला नाही, आणि तुला खोटं सांगितलं. त्या दिवशी तू पुढे आला नव्हतास, माझा हात चुकला होता. मी तुला इतकी वर्षं मारलं आणि एकदाही विचारलं नाही. माफी असावी."